तिर्याक इराकहून येईपर्यंत

“ता तिर्याक अज इराक आवर्दा शवद, मारगजीदा मुर्दा शवद.” इराकहून तिर्याक आणेपर्यंत साप चावलेला माणूस मरून गेलेला असतो. ही फारसी म्हण मी पहिल्यांदा ऐकली ती आमच्या औषधाच्या दुकानात. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला एक वयस्कर कोकणी मुसलमान गृहस्थ येतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पावसाळा नुकता सुरू झाला होता. वरच्या वाडीतल्या एका गड्याला फुरसं चावलं होतं आणि गाडी मिळायला वेळ लागला, असं गिऱ्हाइकांत बोलणं चाललं होतं. गडी वाचला. पण चाचांनी ती म्हण म्हटली, अर्थ सांगितला, आणि मी त्यातल्या एका शब्दाशी अडले.

“चाचा, तिर्याक म्हणजे नक्की काय?”

“विषावरचा उतारा गं बाय. पूर्वीच्या हकिमांकडं असायचा. सगळ्यावर चालायचा.”

सगळ्यावर चालायचा. देवरुखच्या बाजूला, बाजारपेठेतल्या लहानशा दुकानात मी वडिलांच्या पश्चात बसते आहे, आणि ही मागणी मला रोजची आहे. “ताई, अंग मोडून आलंय, पोटही बरं नाही, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सगळ्यावर चालेल असं एकच काहीतरी द्या.” या मागणीचं मला कधीच हसू आलं नाही. तीन दुखणी असलेल्या माणसाकडं तीन औषधांचे पैसे नसतात, तीन डॉक्टरांकडं जायला दिवस मोडता येत नाही. म्हणून ‘तिर्याक’ हा शब्द मी त्या दिवसापासून सोडला नाही. औषधनिर्माणशास्त्र शिकताना जुन्या औषधांच्या यादीत ‘थेरियाका’ हे नाव वाचलं होतं. तिर्याक आणि थेरियाका एकच, हे लक्षात आल्यावर मिळेल तिथं वाचत गेले.

मूळ शब्द ग्रीक. ‘थेर’ म्हणजे रानटी जनावर, श्वापद. त्यावरून ‘थेरियाके’, म्हणजे श्वापदांच्या दंशावरची. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात कोलोफोन गावच्या निकँडर नावाच्या कवीनं साप, विंचू, कोळी यांच्या विषांवर एक लांबलचक काव्य लिहिलं, त्याचं नावच ‘थेरियाका’. म्हणजे सुरुवातीला या शब्दाचा दावा मर्यादित होता: चावणाऱ्या, डसणाऱ्या प्राण्यांवरचा उपाय, एवढाच. तो सगळ्या रोगांवरचा उपाय कसा झाला, ही पुढची गोष्ट आहे आणि ती एका भेदरलेल्या राजापासून सुरू होते.

काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या तुर्कस्तानात, पाँटस नावाचं राज्य होतं. तिथला राजा सहावा मिथ्रिडेटिस. आपल्यावर विषप्रयोग होईल ही धास्ती त्याला आयुष्यभर होती. त्यानं वेगवेगळी विषं आणि त्यांवरचे उतारे तपासले, रोज थोडं थोडं विष घेऊन शरीराला सवय लावली आणि सगळ्या उताऱ्यांचं एक मिश्रण बनवलं. रोमन सेनापती पाँपीपुढं हरल्यावर इसवीसनपूर्व ६३ मध्ये त्यानं विष घेतलं. जुन्या इतिहासकारांच्या सांगण्याप्रमाणं त्या विषाचा त्याच्यावर परिणाम झाला नाही आणि शेवटी त्यानं पहारेकऱ्याकडून स्वतःवर तलवार चालवून घेतली. त्याची टिपणं पाँपीच्या हाती लागली, रोमला गेली. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की राजाच्या स्वतःच्या अक्षरात त्यात एक साधीच कृती निघाली: दोन सुके अक्रोड, दोन अंजिरं, सताबाची वीस पानं आणि चिमूटभर मीठ. उपाशीपोटी घ्या, त्या दिवसापुरतं विष बाधणार नाही. पण लोकांना साधी कृती नको होती. मिथ्रिडेटिसच्या नावानं रोममध्ये जे विकलं जाऊ लागलं त्यात ५४ घटक होते आणि कुठल्याही दोघांचं वजन सारखं नव्हतं. प्लिनी यावर चिडून विचारतो, ही प्रमाणं कुठल्या देवानं सांगितली? हा तर विद्येचा नुसता देखावा आहे! दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा हा राग मला फार जवळचा वाटतो.

मग आला रोमन सम्राट नीरोचा राजवैद्य अँड्रोमॅकस. त्यानं घटक ६४ पर्यंत नेले, त्यात घोणशीच्या जातीच्या विषारी सापाचं मांस घातलं आणि अफूचं प्रमाण वाढवलं. साप शेपाबरोबर आणि मिठाबरोबर शिजवायचे, ते मांस वाळल्या पावाबरोबर कुटून वड्या करायच्या, आणि त्या वड्या इतर चूर्णांबरोबर मधात कालवायच्या. आपल्याकडं याला सरळ अवलेह म्हणतात, म्हणजे आजची घरातली च्यवनप्राशाची बरणी डोळ्यांसमोर आणा. अँड्रोमॅकसनं ही कृती १७४ ओळींच्या पद्यात लिहिली. पद्य लक्षात राहतं आणि त्यातलं प्रमाण सहज बदलता येत नाही, असं कारण पुढच्या शतकातल्या गॅलेन या वैद्यानं दिलं आहे. आपल्या वैद्यांनी श्लोकांत कृती बांधल्या त्यामागंही हीच काळजी असणार. माझ्या वडिलांना सितोपलादि चूर्णाचं प्रमाण श्लोकातूनच पाठ होतं, ते बोटं मोजत म्हणून दाखवायचे.

गॅलेन हा दुसऱ्या शतकातला मोठा वैद्य, सम्राट मार्कस ऑरेलियससाठी तो स्वतःच्या हातानं थेरियाका बनवायचा. त्यानं लिहून ठेवलेली एक हकिकत मला सगळ्यांत जास्त बोलकी वाटली. सम्राट रोज पावट्याच्या दाण्याएवढी मात्रा घेत असे. राज्याच्या कामात पेंग येते म्हणून त्यानं त्यातली अफू काढायला सांगितली. अफू काढली, तर रात्र रात्र झोप येईना. मग पुन्हा अफूची मात्रा सुरू झाली. हे आज आमच्या काउंटरवर कुणी सांगितलं तर मी त्याला दुसऱ्या क्षणी डॉक्टरकडं पाठवीन. पण त्या काळी ती सवय आहे, हे नाव त्याला द्यायचं कुणाला सुचलं नाही.

औषध अस्सल की नकली हे ओळखायची एक कसोटीही गॅलेनच्या नावावरच्या ग्रंथात दिली आहे: माणसाला आधी जुलाबाचं औषध द्या, वर थेरियाका द्या. जुलाब झाले नाहीत तर माल अस्सल. ही कसोटी वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. कारण ती खरोखर चालणार! अफूनं आतड्याची हालचाल मंदावते आणि जुलाब थांबतात. आजही जुलाब थांबवायला आम्ही लोपेरामाइड देतो तेव्हा अफूच्याच कुळातल्या, पण मेंदूपर्यंत सहसा न पोचणाऱ्या रेणूकडून तेच काम करून घेतो. म्हणजे ६४ घटकांच्या त्या बरणीची परीक्षा घेताना जुन्या वैद्यांच्या हाती नकळत एकाच घटकाची परीक्षा लागली होती. वेदना कमी, खोकला कमी, जुलाब बंद, झोप शांत. एवढं सगळं एका चमच्यानं होत असेल तर ‘सगळ्यावर चालतं’ असं माणसं का म्हणणार नाहीत? ती खोटं बोलत नव्हती.

आता त्या यादीतलं आपलं काय, ते सांगते, कारण तिथं माझा ऊर भरून येतो. पिंपळी, मिरी, आलं, दालचिनी, जटामांसी, कोष्ठ, तमालपत्र. ग्रीकांच्या ‘पेपेरी’ या शब्दात आपली पिप्पली आहे, ‘कोस्तोस’मध्ये संस्कृत कुष्ठ म्हणजे आपलं कोष्ठ आहे, आणि ‘मालाबाथ्रॉन’मध्ये तर अख्खं तमालपत्र आहे. सुरुवातीचा ‘त’ त्यांना त्यांच्याच ग्रीक भाषेतलं उपपद वाटला आणि त्यांनी तो काढून टाकला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात हा माल कुठून चढत होता ते नोंदलेलं आहे. जटामांसी आणि कोष्ठ उत्तरेकडून उज्जैनमार्गे भडोचला उतरायचं, तिथूनच पिंपळीही जायची. त्याच पुस्तकात खाली आपल्या किनाऱ्यावरची सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं येतात. प्लिनीनं रोममधले भावही दिलेत: पिंपळी १५ दिनार पौंडाला, पांढरी मिरी ७, काळी ४. सर्दी-पडशावर आपल्या आया मधातून चाटवतात ती पिंपळी रोमच्या सम्राटाच्या बरणीत सर्वांत महाग मिरी म्हणून बसली होती.

पुढची हजार-दीड हजार वर्षं या बरणीनं राज्य केलं. अरबीत ती ‘तिर्याक’ झाली आणि बगदाद-काहिराच्या वैद्यकात मानानं बसली. युरोपात प्लेगवर, तापावर, अपस्मारावर, कशावरही दिली गेली. व्हेनिसमध्ये ती बनवण्याचा सोहळा भर चौकात व्हायचा: घटक आधी लोकांना पाहायला मांडून ठेवायचे, आरोग्य-अधिकारी हजर, मोठमोठे खल आणि बत्ते, जवळच्या युगानियन टेकड्यांतून पकडून आणलेले साप. इतका देखावा कशासाठी? भेसळ फार होत होती म्हणून. ‘आम्ही डोळ्यांदेखत कुटलं आहे’ ही त्या मालाची हमी होती. रिआल्टो पुलाच्या पायथ्याशी ‘सोनेरी मस्तक’ या नावाचं औषधालय होतं, त्याची खूण असलेलं धातूचं डोकं आजही भिंतीवर आहे. औषध उघड्यावर, लोकांसमोर बनवावं ही कल्पना मला त्या औषधापेक्षा मोलाची वाटते. औषधांच्या दर्जावरच्या सरकारी देखरेखीच्या मुळांपैकी एक त्या चौकात आहे.

आणि मग त्याच सापांनी बरणीचा मान घालवला. १६६३ च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या ड्यूकच्या दरबारात तिर्याक बनवायला नेपल्सहून साप आणले होते. दरबारचा वैद्य फ्रांचेस्को रेदी यानं संधी साधून त्यांवर प्रयोग केले. सापाचं विष पोटात गेलं तर मारतं की रक्तात गेलं तर, यावर पंडितांचा वाद चालला होता. तिथं उभ्या असलेल्या जाकोपो सोत्सी नावाच्या सापपकड्यानं विष वाइनमध्ये घालून सगळ्यांसमोर पिऊन टाकलं. त्याला काही झालं नाही. रेदीनं १६६४ मध्ये हे सगळं छापलं: विष दातांतून जखमेत, रक्तात गेलं तरच घात करतं. मला या गोष्टीत रेदीइतकाच तो गारुडी महत्त्वाचा वाटतो. सापांत आयुष्य घालवलेल्या माणसाला जे हाताला ठाऊक होतं ते पंडितांच्या पोथ्यांत नव्हतं. (तोंडात जखम असेल तर हे प्राणावर बेतू शकतं. कुणी करून बघू नये.)

१७४५ मध्ये विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरानं ‘अँटिथेरियाका’ नावाची पुस्तिका लिहून या मिश्रणाचा फोलपणा मांडला, आणि १७८८ मध्ये लंडनच्या अधिकृत औषधसंहितेतून ते गेलं. फ्रान्सच्या संहितेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही ते होतं.

औषध गेलं, शब्द मात्र उरला, आणि इथं मी पुन्हा चाचांच्या तिर्याकवर येते. इंग्रजीत ‘थेरियाका’चा फ्रेंचमार्गे ‘ट्रीकल’ झाला. १५६८ च्या इंग्रजी बायबलमध्ये यिर्मया संदेष्टा ‘गिलादात ट्रीकल नाही का’ असं विचारतो, कारण तेव्हा ट्रीकल म्हणजे औषध. पुढं साखरेच्या कारखान्यांतून निघणाऱ्या दाट काळ्या पाकाला तेच नाव पडलं, आणि आज इंग्लंडमध्ये ट्रीकल म्हणजे आपली काकवी, पावाला लावायची. तिकडं इराणात ‘तेर्याक’ म्हणजे सरळ अफू. तुर्की भाषेत ‘तिर्याकी’ म्हणजे व्यसनी, मग ते चहाचं असो की विडीचं.

एकाच बरणीचे हे दोन वारस. ६४ घटकांपैकी लोकांच्या जिभेनं दोनच लक्षात ठेवले: इंग्रजांनी गोड लागणारं आणि इराण्यांनी गुण देणारं. सापाचं मांस, समुद्रकांदा, बीव्हरचं कस्तुर, लेम्नोस बेटाची माती, सगळं गळून गेलं. कुठल्या प्रयोगशाळेत त्या मिश्रणाचं पृथक्करण केलं असतं तरी वेगळं काय हाती लागलं असतं? शतकानुशतकं ते चाटणाऱ्या लोकांनीच ते करून ठेवलं होतं. जुन्या औषधांच्या नावांकडं मी तेव्हापासून या नजरेनं बघते.

आपल्याकडं या गोष्टीला आणखी एक धागा आहे. ग्रीक ‘ओपियॉन’, म्हणजे चीक, त्याचा अरबीत ‘अफयून’ झाला, त्यावरून आपली अफू आणि अफीण. संस्कृत पंडितांनी त्या परक्या शब्दाला ओळखीचं रूप दिलं: अहिफेन. सापाचा फेस! अफूचा आणि सापाचा निसर्गात काही संबंध नाही. तरीही रोमच्या बरणीत जे दोघं शेजारी बसले होते ते आपल्या निघंटूंमध्ये, म्हणजे औषधींच्या जुन्या कोशांमध्ये, एकाच शब्दात आले. हा योगायोगच आहे, पण तो वाचला तेव्हा मी दुकानातल्या मुलाला हाक मारून सांगितला, आणि त्यानं तो दोन गिऱ्हाइकांना सांगितला.

आपल्या वैद्यकालाही हीच ओढ होती. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अगदतंत्र. ‘गद’ म्हणजे रोग, ‘अगद’ म्हणजे रोग घालवणारं, आणि शास्त्रात तो शब्द विषावरच्या उताऱ्यालाच लागला. सुश्रुताच्या कल्पस्थानात ‘महागद’ आहे, ते चूर्ण मधात कालवून शिंगात ठेवायचं. चरकाच्या विषचिकित्सेत ‘महागंधहस्ती’ आहे, त्यात साठेक द्रव्यं आहेत. दोन वेगळ्या भूमींतली माणसं विषाला भ्यायली की हात सारखाच चालतो: कुठलं विष ते ठाऊक नाही, तर मग सगळंच घाला.

आता माझ्या व्यवसायातलं. सर्पविषावरच्या इंजेक्शनची कुपी मी हातात घेते तेव्हा तिच्या लेबलावर चार नावं असतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. पुढं आकडे. तयार द्रावणाचा एक मिलिलिटर नागाचं ०.६ मिलिग्रॅम, मण्यारचं ०.४५, घोणशीचं ०.६ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतो. बस. त्यापलीकडं कसलाही दावा नाही. हे औषध बनतं कसं? घोड्याला विषाच्या अगदी थोड्या मात्रा वाढवत वाढवत देतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ती वेगळी काढतात. मिथ्रिडेटिस स्वतःवर जे करू पाहत होता तेच घोडा करतो. फरक असा की सापाचं विष प्रथिनांचं असतं, म्हणून त्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडं बनवू शकतं. सोमलासारख्या खनिज विषाविरुद्ध ते जमत नाही. १८९० च्या दशकात पाश्चर संस्थेतल्या अल्बेर काल्मेतनं हे औषध उभं केलं. भारतात त्यासाठी लागणारं विष आजही मोठ्या प्रमाणात तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं. ती १९७८ मध्ये स्थापन झाली. सोत्सीसारखीच, सापांत वाढलेली माणसं.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशानं गेली, असा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी सुमारे ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, घरीच किंवा वाटेत गेलेली. इराकहून तिर्याक येईपर्यंत म्हणजे काय, ते या आकड्यात आहे. आमच्याकडं भातलावणीच्या दिवसांत मी दुकानाच्या दारावर एक कागद चिकटवते: दंश झाला की आवळून बांधू नका, कापू नका, तोंडानं चोखू नका, जडीबुटीत वेळ घालवू नका. हातपाय हलवू न देता माणसाला थेट सरकारी रुग्णालयात न्या, इंजेक्शन तिथं मोफत मिळतं. खाली रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८.

गेल्या मोसमात तो कागद वाचून एका बागायतदारानं विचारलं, “वहिनी, आणि चापडा चावला तर? तो हिरवा, आमच्या बांबूच्या बेटात असतो.” त्याला मी खरं तेच सांगितलं. चापड्याचं नाव कुपीवर नाही आणि त्याच्या विषावर आपल्या देशात वेगळं प्रतिविष अजून मिळत नाही. त्याच्या दंशानं माणूस सहसा दगावत नाही, पण सूज आणि वेदना भयंकर असतात, म्हणून रुग्णालयात तरीही जायचंच. डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात आणि रक्ताच्या गोठण्यावर लक्ष ठेवतात. बांबू तोडताना पायात गमबूट घाला आणि हात घालण्याआधी काठीनं पानं हलवा. कागदावर पाचवी ओळ म्हणून मी ते वाढवलं आहे.